विषम सालची मुलगी

सुपिरिअर, विस्कॉन्सिन
२४ ऑक्टोबर १९९९

रॉय,

हे पत्र बोटीच्या पत्त्यावर टाकते आहे. डेट्रॉइटची टपाल-होडी तुम्हाला गाठेल तेव्हा गाठेल. कंपनीत फोन करून निरोप ठेवले, तुझा पत्ता नाही. घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली, तरी तुझी वाट बघण्यातून माझी काही सुटका होत नाही.

ग्रेटा बरी आहे. तिने भूगर्भशास्त्र घेतलंय. तू आयुष्यभर बोटीतून दगड वाहिलेस, आता पोरगी त्यांची नावं पाठ करते आहे. खोलीतली दुसरी मुलगी घोरते, एवढी एकच तक्रार.

आता कामाचं. पहिल्या सहामाहीची फी मी भरली. छपरासाठी ठेवलेले पैसे होते, ते गेले. दुसऱ्या सहामाहीची बाकी कॉलेज मार्चअखेरपर्यंत थांबवायला तयार आहे. तेव्हाही भरली नाही, तर एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाला तिचं नाव नोंदवून घेणार नाहीत. मग आहेच कुठल्यातरी दुकानाचा गल्ला. शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली उचलून माझे खांदे गेलेत, रॉय. अजून एक काम मला झेपायचं नाही.

चर्चमधल्या मिसेस ओस्टबी तुला आठवतील. बँकेतून निवृत्त झाल्या, आता दर वसंतात चर्चच्या तळघरात बसून लोकांचे कराचे रिटर्न फुकट भरून देतात. त्या म्हणाल्या, मूल कॉलेजात असलं की सरकार आता आईबापाच्या करात दीड हजार डॉलरपर्यंत सूट देतं. पण ज्याच्या रिटर्नमध्ये मुलाचं नाव, त्यालाच. फी कोणी का भरलेली असेना.

आणि यंदा आहे विषम साल. सम साली ग्रेटा माझ्या रिटर्नमध्ये, विषम साली तुझ्या, हे कोर्टाने ठरवलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. कॉलेज कोणाच्या डोक्यात होतं! दर विषम सालाच्या शेवटी मी मुकाट्याने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करून तुला पाठवते. यंदा ती करायला लावू नकोस. हे एक वर्ष मला दे. हवी तर पुढची दोन तू घे.

आर्लीन


१४ नोव्हेंबर

आर्लीन,

पत्र उशिरा हातात पडलं. हुरॉन सरोवरावर आहोत, बोट फार हलते आहे, म्हणून अक्षर असं.

वर्ष मी देणार नाही. लगेच भांडी आपटू नकोस, पुढचं वाच. विषम साल माझं आहे. ग्रेटाच्या बाबतीत कोर्टाने मला दिलेल्या गोष्टी काही फार नाहीत, त्यातली ही एक.

पैशांचं म्हणशील तर सूट मला मिळाली काय नि तुला काय. सरकारकडून सगळी सूट माझ्या पदरात पडेल. ती मी तशीच्या तशी तुला पाठवीन, मार्चच्या आत. लेखी देतो आहे.

नवा आचारी रोज केक करतो. मी हल्ली गोड सोडलंय. हसू नकोस.

ग्रेटाला म्हणावं, दगडांची नावं बापाला पण कळव.

रॉय


सुपिरिअर
२ डिसेंबर

रॉय,

मी चौदा वर्षं बोटवाल्याची बायको होते हे तू विसरलेला दिसतोस. तुझ्या पाकिटावर अल्पीनाचा शिक्का आहे. तुमची बोट लोहखनिज वाहते. अल्पीनात सिमेंटखेरीज काही चढत नाही की उतरत नाही. मग भर हंगामात लोहखनिजाची बोट तिथे काय तुझ्या बहिणीच्या हातची कॉफी प्यायला थांबली होती? व्हर्नाची ती कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, तिच्यासाठी कोणी वाट वाकडी करणार नाही.

आणि अक्षराचं कारण मला सांगू नकोस. तुझी पत्रं मी वादळातली पण वाचलीत. एका ओळीत चार शब्द, आणि ओळ निघाली उतारावरून खाली. पुन्हा सुरू केलंस ना? खरं सांग. मी काही आता तुझ्या बाटल्या मोरीत ओतायला येणार नाही, पण माहीत असलेलं बरं.

लेखी द्यायचं म्हणशील तर ग्रेटाच्या दातांच्या तारेचेही पैसे तू लेखी दिले होतेस. तार निघाली तेव्हा ते आले.

पैसे दिसल्याशिवाय मी सही करणार नाही. कोर्टात जायचं तर जा. मला चांगलं बसायला तरी मिळेल.

आर्लीन


अल्पीना, मिशिगन
११ जानेवारी २०००

आर्लीन,

हंगाम संपला, बोट बांधली. मी व्हर्नाकडे आहे, इथेच लिही.

सोबत दीड हजारांचा चेक आहे. कराची सूट. सांगितलं होतं तसं. कॉलेजची बाकी भरून टाक आणि तो सहीचा कागद पाठव.

मी पीत नाही. सहा वर्षं झाली, थेंब नाही. तू विचारलंस म्हणून सांगतो.

रॉय


सुपिरिअर
१९ जानेवारी

रॉय,

चेक वटला. कॉलेजचे पैसे आज भरले. बँकेच्या खिडकीतल्या बाईने पावती दिली तेव्हा मी तिथेच बाकावर बसून राहिले, उठवेना. ग्रेटाला फोन केला. ती म्हणाली, बाबा कधीकधी एकदम शहाण्यासारखे वागतात, नाही?

कागद सही करून सोबत ठेवला आहे. मी बोलले ते जास्त बोलले. थकलेली असले की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही, आणि हल्ली मी कायमच थकलेली असते.

आ.


सुपिरिअर
१० फेब्रुवारी

रॉय,

काल मी माझे कागद घेऊन चर्चच्या तळघरात गेले. मिसेस ओस्टबींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, यंदा सूट ग्रेटाच्या वडिलांनी घेतली आणि जानेवारीतच मला पाठवूनही दिली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, आर्लीन, वर्षाच्या पगाराचा कागद कंपन्या जानेवारीच्या शेवटी पाठवतात. तो हातात आल्याशिवाय रिटर्न भरता येत नाही. अकरा तारखेला सरकारने कोणाला छदाम दिलेला नाही.

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काही विचारू नकोस. मागे रांगेत अख्खं चर्च उभं.

ते पैसे कुठले, रॉय? पत्त्यांत जिंकलास? आज जिंकलेला उद्या हरतो, आणि हरला की घेणेकरी दारात येतात. माझ्या नव्हे, ग्रेटाच्या. की कोणा बाईचे घेतलेस? घेतले असशील तर निदान तिचं नाव सांग, मी तिला पावती पाठवते. व्हर्नाही यात सामील असणारच. तुझ्यावर पांघरूण घालायला ती लहानपणापासून तयार, त्यापेक्षा एकदा धड स्वयंपाक शिकली असती तर तिचा नवरा टिकला असता.

मला खोटं सांगणारा माणूस आयुष्यात एकदा पुरे झाला. आता झेपत नाही.

आर्लीन


अल्पीना
२४ फेब्रुवारी

आर्लीन,

हे अक्षर व्हर्नाचं आहे, शब्द माझे. डिसेंबरपासून तुझी पत्रं मला तीच वाचून दाखवते. मोठ्याने.

(व्हर्ना लिहिते: सगळी. कॉफीचं पण. नवऱ्याचं पण. तो स्वयंपाकामुळे गेला नाही, त्याला मीच घालवला.)

जूनमध्ये कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्तातली साखर डोळ्यांत गेली आहे. आतून रक्त उतरतं आणि समोर काळं जाळं येतं. त्याआधी एका संध्याकाळी बंदरात शिरताना मी सुकाणूवर होतो आणि पुढचा दिवा लाल की हिरवा ते मला सांगता येईना. मी कॅप्टनला तसं बोललो. बोललो नसतो तर कदाचित अजून बोटीवर असतो, आणि बोट खडकावर. त्यांनी मला पुढच्या बंदराला उतरवलं. तेव्हापासून मी इथे व्हर्नाच्या मागच्या खोलीत आहे. तुझी पत्रं बोटीवरून कंपनीत, कंपनीतून इथे असा प्रवास करून येत होती.

आता पैसे. मला खरंच वाटलं होतं की सरकार सूट रोख देतं. व्हर्नाच्या शेजाऱ्याने डिसेंबरात समजावलं की सूट म्हणजे भरायच्या करातून वजाबाकी. मी जूनपासून घरी, यंदा माझा कर होतोय कितीसा? वजा करायचं तरी कशातून? पण तुला लेखी दिलं होतं. मग पिकअप विकली. तसंही मला चालवायला कोण देणार होतं. घेणारा म्हणाला, गाडी फार नीट ठेवलीय. मी म्हटलं, शेवटी शेवटी मला ती दिसतच नव्हती.

(व्हर्ना: असले विनोद दिवसभर चालतात. रात्री मात्र रडतो. हे लिहू नको म्हणाला.)

बाई नाही, पत्ते नाहीत. ग्रेटाला यातलं काही सांगू नकोस. ती कॉलेज सोडून इकडे येईल. तिचा स्वभाव तुला माहीत आहे, तुझाच आहे.

रॉय


सुपिरिअर
३ मार्च

रॉय,

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले. मग शाळेत पीठ मळायला बसले, आणि मळता मळता रडू कोसळलं. मुख्याध्यापिका विचारायला आली, कांदा म्हणून सांगितलं. पावात कांदा. तिने ऐकून घेतलं.

जूनपासून! मूर्खा, मी तुला बाटलीचं विचारते आहे आणि तू तिकडे चाचपडत चेक लिहितो आहेस. व्हर्ना, तू वाचते आहेस हे मला आता ठाऊक आहे. कॉफीबद्दल बोलले ते मागे घेणार नाही, ते खरंच आहे. बाकीचं सगळं मागे घेते. तू त्याला सांभाळते आहेस, माझ्याने झालं नसतं.

आता नीट ऐक. माझ्या सहीचा कागद तुझ्याकडे आहे, आणि तू अजून रिटर्न भरलेला नसशील असं मी धरून चालते. तू ग्रेटाचं नाव लिहिलंस तर सूट वाया जाईल. तुझा कर नाही, म्हणजे तुला काही मिळणार नाही. तुझ्याकडे नाव गेलं की मलाही मिळणार नाही. पैसे कोणाच्याच कामाचे नाहीत, आणि तुझी पिकअप गेलेली. मी कर भरते, मला पूर्ण मिळेल. कागद परत पाठव. सूट आली की दीड हजार मी तुला धाडते, डोळ्यांवर डॉक्टर म्हणतात तो लेझरचा उपचार करून घे. व्हर्नाला विचारलं मी फोनवर, ती म्हणाली तू पैशांसाठीच थांबला आहेस.

यात तुझा काय तोटा आहे ते तरी सांग. इतका का धरून बसला आहेस त्या वर्षाला?

आर्लीन


अल्पीना
१५ मार्च

आर्लीन,

कागद सोबत आहे. फाडायचा तर तू फाड.

तू विचारलंस म्हणून सांगतो. रिटर्नमध्ये पहिल्या पानावर एक जागा असते. तिथे नाव लिहायचं, आणि पुढे नातं. एक वर्षाआड मी तिथे लिहायचो, ग्रेटा माकेला, मुलगी. बोटीवरचे बाकीचे लोक हिवाळ्यात रिटर्नला शिव्या घालत, मी ते काम राखून ठेवायचो. ती तुझ्याकडे राहायची. शाळेच्या कागदांवर तुझी सही, डॉक्टरकडे तुझं नाव, तिचे वाढदिवस मी बंदरातल्या फोनवर केले. सगळ्या सरकारी कागदांत ती माझी कोणी आहे असं म्हणणारा तो एकच. हे तुला हास्यास्पद वाटेल. मला नाही वाटत.

काल व्हर्नाने माझा रिटर्न भरला. त्या जागी कोण लिहू म्हणाली. मी म्हटलं, कोणी नाही. ती पुढे गेली. मला फार वाईट वाटलं, आर्लीन. एवढं वाईट बोटीवरून उतरताना वाटलं नव्हतं.

पण हे बरोबर आहे. सूट घे. ग्रेटाला शिकव.

(व्हर्ना: मी मध्ये काही घातलेलं नाही.)

रॉय


सुपिरिअर
४ एप्रिल

रॉय,

मिसेस ओस्टबींनी परवा माझा रिटर्न भरला. ग्रेटाचं नाव लिहिताना त्यांनी विचारलं, कागद त्याने आपणहून दिला का? मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. सूट पूर्ण बसली. मेमध्ये पैसे येतील आणि त्याच दिवशी तुझ्याकडे निघतील. परत पाठवायची नाटकं करू नकोस.

तुझ्या पत्रातलं मला हास्यास्पद वाटलं नाही. दहा वर्षं मला वाटत होतं, तू पैशांसाठी ते वर्ष सोडत नाहीस. कधी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

पण आता जे झालंय ते तुझ्याशिवाय निस्तरणार नाही. ग्रेटाला कळलं. मी सांगितलं नाही. उन्हाळ्यात मुलांना दगड शोधायला कुठे डोंगरात नेणार आहेत, त्यासाठी तिला तुझी पिकअप मागायची होती म्हणून तिने अल्पीनाला फोन केला. तू झोपला होतास. व्हर्ना बिचारी किती खोटं बोलणार? तीन प्रश्नांत सगळं बाहेर आलं.

शुक्रवारी पोरगी बॅगा घेऊन घरी हजर. म्हणते, पुढच्या वर्षाला नाव नोंदवणार नाही. अल्पीनात काम बघेन, बाबांबरोबर राहीन, त्यांना गाडी कोण चालवणार. नोंदणी सतरा तारखेला, सोमवारी बंद होते. मी ओरडले, समजावलं, गयावया केली, माझे खांदे दाखवले. ती म्हणाली, आई, तू त्यांना इतकी वर्षं एकटं सोडलंस, मी नाही सोडणार. हात टेकले मी.

ती फोनवर तुझ्याशी बोलायला तयार नाही. म्हणते, फोनवर बाबा सगळं छान आहे असंच सांगतात. लिहिलेलं वाचेल. तूच लिही. आणि व्हर्ना, या वेळी तू लिहू नकोस. तुझं अक्षर बघितलं तर ती उद्याच गाडीत बसेल.

आर्लीन


अल्पीना
८ एप्रिल

ग्रेटा,

हे मी स्वतः लिहितो आहे. एका कागदावर थोडंच मावतं, म्हणून कागद पुष्कळ. क्रम लावून घे.

मला तू इथे हवी आहेस. सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. छान नाही. सकाळी उठल्यावर थोडा वेळ मला भीती वाटते, मग व्हर्ना कॉफी आणते आणि तिच्यावर चिडण्यात ती जाते.

आईला बोल लावू नकोस. तिने मला सोडलं नाही. मी पीत होतो आणि तू घरात होतीस. तिने बरोबर केलं.

दर दुसऱ्या वर्षी तू कागदावर माझी असायचीस. यंदाचं ते वर्ष मी तुझ्या आईला दिलं, तुझं कॉलेज चालावं म्हणून. माझ्याजवळ तुला देण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

सतरा तारखेच्या आत जा आणि नाव नोंदव. परीक्षा झाली की ये, मी बसच्या थांब्यावर असेन. हाक मार, म्हणजे कळेल.

दिलेलं परत आणून देऊ नकोस.

बाबा